साळूबाईंची साक्ष

टेंभुर्णीच्या मंडळीत भावनासारखी पोरगी आजवर झाली नव्हती, असं निदान भावनाला तरी वाटायचं. दहावीत पहिल्या तिघांत नंबर, गाताना आवाज असा की पेटीवाल्याला पट्टी बदलावी लागायची, आणि चार महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा. सोळाव्या वर्षी थेट प्रभुभोजनाला! पांढरी ओढणी घेऊन ती पहिल्या बाकावर आईशेजारी अशी ताठ बसायची की मागच्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या.

मंडळीचा एक नियम मात्र कडक होता. दर शनिवारी चार वाजता पत्र्याच्या सभागृहात प्रत्येकाने मंडळीने लावून दिलेल्या जोडीदारासमोर बसायचं. आठवड्यात काय चुकलं ते सांगायचं, त्याचं ऐकायचं, आणि वहीत दोघांनी सही करायची. रविवारी राजानंद पाळक एकेकाचं नाव घेत. जोडीदार उठून म्हणे, "मी ऐकलंय. मन स्वच्छ आहे." मगच प्रभुभोजनाची भाकर. साक्ष नाही तर भाकर नाही. जो आजारी असेल त्याची भाकर जोडीदाराने घरी न्यायची.

भावनाची जोडी साळूबाईंशी लागली होती. सत्तरी पार, गुडघे गेलेले, उजव्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण. चूक सांगताना त्यांनाच हसू यायचं. "सुनंला मनातल्या मनात शिव्या दिल्या गं माय. बारा दिल्या. तेराव्याला प्रभू आठवला, मंग थांबले."

त्या शनिवारी भावना गेलीच नाही. शाळेच्या गॅदरिंगचा सराव होता, आणि तिसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीत जायची संधी होती. म्हातारीसुद्धा गुडघ्यांमुळे आली नसेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी पाळकांनी नाव घेतलं, "साळूबाई."

खिडकीजवळची त्यांची जागा रिकामी होती. भावना उठली. खरं सांगावं तर भरल्या मंडळीत शोभा, वर बिचारीची भाकर चुकणार.

"मी ऐकलंय," ती म्हणाली. "मन स्वच्छ आहे."

भाकरीचा तुकडा पांढऱ्या रुमालात बांधून तिच्या हातात आला. तिच्या स्वतःच्या नावाला उठायला कोणी नव्हतं. ती भाकरीविना तशीच बसली.

उपासना सुटल्यावर पाळकांनी फोन चालू केला. शुक्रवार संध्याकाळपासून तो उपवासासाठी बंद ठेवायचा, हा त्यांचा नेम. साळूबाईंचा मुलगा तातेराव अंकुशनगरला साखर कारखान्यात होता. त्याचे एकवीस मिस्ड कॉल होते.

"साळूबाई गुरुवारी लेकाकडं गेल्त्या," पाळक सावकाश म्हणाले. "काल सकाळी आठला प्रभूमध्ये झोपी गेल्या."

भावनाच्या हातातला रुमाल ओला झाला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज मोठाच निघाला. "मी काल आलेच न्हाई. मी सरावाला गेल्ते."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. ताप आलेल्या लेकराकडे पाहतात तसं.

"आगं, असं काय करतीस?" कांताबाई म्हणाल्या. शनिवारचा चहा त्याच करायच्या. "म्याच चहा दिला ना तुमा दोघींला. साळूबाईनं साखर जास्त मागितली."

"तुमी कालचं म्हणून राह्यल्या का, मावशी?"

"कालचंच. बिलकुल कालचं."

पाळकांनी वही आणली. शनिवारचं पान. भावनाची सही होती, खाली तिची नेहमीची रेघ. शेजारी जांभळा अंगठा, मधोमध वणाची आडवी पांढरी चीर. भावनाने त्यावर बोट ठेवलं. शाई बोटाला लागली.

"मला क्षमा करा," ती म्हणाली. "देवाची शप्पथ, पाळकसाहेब, मी पाप केलंय."

"पोरी, जे पाप घडलंच न्हाई त्याची क्षमा कशी मागू?" त्यांचा आवाज फार मायेचा होता. "प्रभूनं त्यांना तुझ्यासाठी धाडलं. भाग्याची आहेस."

भावना हार मानणारी नव्हती. सोमवारी तिने शाळेत रूपालीला गाठलं. सरावाचा व्हिडिओ रूपालीच्या मोबाईलमध्ये होता.

शनिवार, चार वाजून बारा मिनिटं. तीन ओळी. तिसऱ्या ओळीत एक जागा मोकळी होती, आणि पोरी गिरक्या घेताना त्या जागेला वळसा घालून जात होत्या.

"मी कुठंय?" भावनाने विचारलं.

"तू कुठून असशील?" रूपाली हसली. "तू तर आल्तीसच न्हाई. चर्चला गेल्ती ना, संतीणबाई!"

घामाने भिजलेला ड्रेस आईने शनिवारी संध्याकाळी वाळत घातलेला तिला आठवत होता. तिने आईला विचारलं. बेबीनंदाने लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि त्या दिवशी तिला लवकर झोपवलं.

आठवडाभर ती जो भेटेल त्याला सांगत राहिली. मी खोटं बोलले. मी खोटं बोलले. लोक मान हलवत. काहींनी तिच्या पाया पडायला सुरुवात केली.

"मला दुसरी जोडी द्या," ती पाळकांना म्हणाली.

"कशाला? तुझी जोडी हाय की."

शनिवारी चारला ती खिडकीजवळ बसली. समोर रिकामं बाकडं. तिने त्याला सगळं सांगितलं. सराव, पहिली ओळ, भरल्या मंडळीत उभं राहून दिलेली साक्ष. रडून रडून सांगितलं. बाकडं बाकडंच राहिलं.

कांताबाईंनी दोन कप ठेवले.

रविवारी पाळकांनी नाव घेतलं, "भावना."

ती थांबली. आता कोणी उठणार नाही. आता तरी सगळ्यांना दिसेल की तिच्यासाठी कोणीच नाही.

मंडळीने माना खिडकीकडे वळवल्या. गुडघ्यावर हात टेकून उठायला म्हाताऱ्या माणसाला जितका वेळ लागतो, तितका वेळ सगळे थांबले. मग ऐकत राहिले.

भावनाला फक्त पंखा ऐकू येत होता.

पाळक मध्येच हसले. दोन-चार बायाही तोंडाला पदर लावून हसल्या.

"आमेन," मंडळी म्हणाली.

भाकर तिच्या तळहातावर आली.

"मी खोटं बोलले," ती पुटपुटली.

"श्श," आई म्हणाली.

खिडकीजवळच्या बाया, कोणाला वाट द्यावी तशा, एकेक करून पाय आत घेत होत्या. मग दुसऱ्या बाकावरच्या. मग पहिल्या.

आई जरा सरकली आणि दोघींच्या मध्ये जागा केली.