पाव टाकीचा काटा

बॅटरी जोडली आणि पेट्रोलचा काटा शून्यावरून हलला. पावावर येऊन थांबला. मीटरवाल्या काकांनी टाकीत काठी घातली. ती कोरडीच वर आली.

"काटा खोटं बोलतोय," ते म्हणाले.

गाडीच्या मालकाची बायको भिंतीला टेकून उभी होती. घाटात बंद पडलेल्या याच गाडीत तिचा नवरा गारठून गेला. सापडला तेव्हा बॅटरी उतरलेली, काटा शून्यावर, टाकीत ठणठणगोपाळ. जन्मभर गाडी चालवलेला माणूस रिकाम्या टाकीने घाटात जाईल कशाला? त्याला जगायचंच नव्हतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. लोकांच्या जिभेला काय, हाड नसतंच.

"त्यांनी जाणूनबुजून केलं का, एवढंच सांगा काका."

शेजारच्या टेबलावर तिचा भाऊ काम करत होता. नवऱ्यामागे तिला हा एकच. काकांच्याच हाताखाली शिकलेला. जुळवून झालेल्या मीटरच्या स्क्रूवर तो निळा ठिपका लावत होता. काकांचा ठिपका लाल. कोणतं काम कुणाचं, हे मागाहून कळावं म्हणून.

काकांनी मीटर काढून यंत्राला लावलं. रिकामी, अर्धी, भरलेली. तिन्ही खुणांवर बिनचूक. म्हणजे खोट खाली, टाकीत.

"गाडी दुरुस्तीला कुठं दिली होती?"

"कुठंच नाही. घरचा माणूस असताना बाहेर कशाला देऊ?"

"टाकीवरची मागची सीट कुणी उचलली होती?"

"मला नाही माहीत."

भावाने मान वर केली नाही.

काकांनी सीट उचलली, झाकण उघडलं आणि टाकीतला तरंगता फुगा दांडीसकट बाहेर काढला. दांडीच्या स्क्रूकडे त्यांनी पाहिलं. हे आपल्याला दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"ही दांडी ढिली करून वर चढवलीय, म्हणून काटा पाव टाकी जास्तच दाखवतो. पाव टाकी चोरली तरी मालकाला पत्ता लागणार नाही. त्यांनी काटा बघितला, घाटापलीकडच्या पंपापर्यंत पुरेल असं धरलं. ते मरायला निघाले नव्हते, पोरी."

"कुणी केलं हे?"

"स्क्रूवर निळा ठिपका आहे. चोरी करतानाही हात सवयीने चालला. जित्याची खोड."

भावाने ब्रश खाली ठेवला.

"ताई, मोटरसायकलपुरतंच काढायचो गं. भावोजी घाटात जातील असं वाटलं नव्हतं."

काकांनी पोलिसांना फोन लावला. ती रडली नाही.

"ते परत येणार होते," ती स्वतःशीच म्हणाली.

नवऱ्याने आपल्याला सोडलं नव्हतं, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. घरी जाऊन ते सांगावं असं मात्र कुणी उरलं नव्हतं.