पडद्यावरची बाबागाडी

ओडेन्समधल्या त्या शाळेत दुसरीच्या पालकांनी सभा घेतली आणि दालचिनीचे पाव खात एकमताने ठरवलं: घरी मुलांना टॅब-टीव्हीचा पडदा रोज अर्धा तास, जास्त नाही. सगळ्यात आधी हात आस्गरने वर केला होता. त्यामुळे त्याच्या मुलीने, व्हिगाने, टॅबसाठी भोकाड पसरलं तेव्हा त्याला माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

त्याने पळवाट काढली. धाकटा आयगिल, तिथल्या सगळ्याच बाळांसारखा, दुपारी अंगणातल्या थंडीत बाबागाडीत झोपायचा. भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून त्याचं चित्र घरातल्या छोट्या पडद्यावर यायचं. आस्गरने तो पडदा व्हिगाच्या हातात दिला.

"हा पडदा नाही वाटतं?" बायकोने, मेरेटने, विचारलं.

"ही जबाबदारी आहे."

"वा! पुढच्या सभेत सांग हं, असंच्या असं."

व्हिगा रमली. आस्गर निवांत कॉफी पिऊ लागला.

एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, बाईंनी पांघरूण नीट केलं."

"कुठल्या बाईंनी?"

"गाडीपाशी बसतात ना, त्या."

आस्गरने खिडकीतून पाहिलं. ओलं गवत, कुंपण, बाबागाडी. पडद्यावरही तेवढंच. फक्त पडद्यावरची गाडी संथपणे हलत होती, कुणी झुलवावी तशी.

"वारा असेल," तो म्हणाला. खिडकीबाहेर एक पान हलत नव्हतं. गाडीही नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिगा जेवायला उठेना. पापणीही लववेना. आस्गरने मग जबाबदार बापाने करावं तेच केलं.

"पुरे आता. आण इकडे."

"बंद नको ना करू! मी बघते म्हणून त्या नुसत्या बसतात."

त्याने बंद केला. आणि अंगणात गेला. पळत नव्हे, पण बराच भरभर. आयगिल गाडीत शांत झोपला होता. आस्गरने त्याला उचलून आत आणलं, मेरेटच्या हातात दिलं, रिकामी गाडी दाराच्या आत ओढून घेतली.

"किती गार पडलाय रे!"

"बाहेर झोपलेलं बाळ गारच असतं. शेगडीजवळ बस त्याला घेऊन."

व्हिगा कोपऱ्यात मुसमुसत होती. तिची समजूत पटावी म्हणून त्याने पडदा पुन्हा लावला.

"हे बघ. काही नाहीये."

अंगण होतं. बाबागाडीही होती. आत आयगिल, तोंड लालबुंद, हातपाय झाडत रडत होता. आवाज येत नव्हता.

आस्गरने खिडकीकडे पाहिलं. बाहेर मोकळं गवत.

परत पडद्याकडे वळला. गाडी तेवढ्यात फाटकाच्या दिशेने चार हात सरकली होती.

"बाबा, बघत राहा," व्हिगा कुजबुजली. "आपण बघितलं की त्या थांबतात."

तो बघत राहिला. गाडी थांबली. डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने पापणी मिटली नाही.

"आस्गर," मागून मेरेटचा आवाज आला, अगदी हळू. "इतका वेळ शेगडीजवळ बसलेय. ह्याला ऊब का येत नाहीये?"

आस्गरने मान वळवली नाही.