अळ्या का मेल्या नाहीत?

"मासे मेले आणि अळ्या जिवंत? उलटं व्हायला पाहिजे ना?" संघप्रियाने तिसऱ्यांदा विचारलं.

जळकोटच्या देवळामागच्या हौदाच्या कठड्यावर तिघं पालथी पडली होती: सातवीतली संघप्रिया, तिच्या वर्गातला मल्लिनाथ आणि दिवाळीच्या सुटीत सोलापूरहून आलेली त्याची मामेबहीण मोनिका. पाण्यावर गप्पी मासे उलटे तरंगत होते आणि खाली डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या. अळ्या खाण्यासाठी सोडलेले हे मासे संघप्रियाचे आजोबा कोंडिबा सांभाळायचे. गावाने मात्र सकाळीच निकाल लावून टाकला होता. म्हणे कोंडिबांनी फवारणीचा पंप हौदात धुतला! 'उद्यापासून हौदाला हात लावू नका,' असं सरपंच तारामतीबाईंनी त्यांना सांगितलंही होतं.

"आजा पंप रानातच धुतो," संघप्रिया म्हणाली. "सकाळपासून भिंतीकडं तोंड करून बसलाय."

"उन्हानं मेले असतील," मल्लिनाथ म्हणाला.

"दिवाळीत? मग मे महिन्यात कसे जगले?" संघप्रियाने विचारलं.

"साबण?"

"फेस कुठाय?"

मग संघप्रिया एकदम उठून बसली. "फवारणीचं औषध किडे मारायचं असतंय. मग ह्या अळ्या कशा काय जगल्या?"

म्हणजे फवारणीचं औषध नव्हतंच. मग होतं तरी काय? गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच.

तेवढ्यात देवळाचे पुजारी गुरुसिद्धप्पा बादली घेऊन आले आणि त्यांनी राखाडी पाणी हौदात ओतलं.

"आप्पा, हे काय ओतलंत?" मल्लिनाथने विचारलं.

"देवाच्या अंगाचं पाणी, बाळा. तुळजापूरचा मुलामावाला आलाय. पितळी मुखवट्यांवर चांदी चढवतोय. लोकांनी घरचे देव बी आणलेत. ते धुतलेलं पाणी गटारीत कसं ओतावं? कुणाच्या पायाखाली यायचं."

आप्पा गेले. मल्लिनाथने मेलेल्या माशांकडे बोट दाखवलं. "ह्या पाण्यानंच तर नसतील मेले?"

"पण चांदी तर चांगली असते," मोनिका पुटपुटली. "आमच्या बाळाला चांदीच्याच वाटीतनं भरवतात."

खरं-खोटं करून बघायचं ठरलं. माशांचा जीव घ्यायला संघप्रिया तयार होईना, म्हणून त्यांनी ओढ्यातून टुणटुण उड्या मारणाऱ्या पाणपिसवा, म्हणजे पाण्यातच जगणारे टाचणीच्या डोक्याएवढे जीव, आणल्या. दोन बरण्यांत आडाचं पाणी, सारख्याच पिसवा, सारख्याच अळ्या. मल्लिनाथ फार साळसूद चेहरा करून आप्पांकडे गेला.

"आप्पा, ह्या एका बरणीत देवाचं पाणी चमचाभर घाला. तुमच्याच हातानं."

आप्पांनी कौतुकाने घातलं. बरण्या त्यांच्याच डोळ्यांसमोर देवळात ठेवल्या, म्हणजे पोरांनी लबाडी केली असं म्हणायला कुणाला जागा नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारामतीबाईंसमोर बरण्या उन्हात धरल्या. साध्या पाण्यात पिसवा उड्या मारत होत्या. दुसरीत सगळ्या तळाशी निपचित पडल्या होत्या. अळ्या मात्र दोन्हीकडे वळवळत होत्या, अगदी हौदातल्यासारख्या.

"चांदीच हाय, इख थोडंच हाय?" मुलामावाला कुरकुरला. मोनिकाने त्याचीच बाटली उचलून बारीक अक्षरं मोठ्याने वाचली: "जलचरांस अत्यंत घातक. पाण्यात सोडू नये."

तारामतीबाईंनी विज्ञानाच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "वाटीतली चांदी वाटीतच राहते. ही पाण्यात विरघळलेली आहे. माशांच्या कल्ल्यांत शिरली की त्यांच्या अंगातले क्षार बाहेर जातात. पाणपिसवांना तर त्याहून थोडी पुरते. डासांच्या अळ्या मात्र चिवट." त्यांनी जनावरांना ते पाणी पाजू नका, हौद उपसून धुतल्याशिवाय वापरू नका, असंही बजावलं.

गुरुसिद्धप्पांचा चेहरा उतरला. उरलेलं पाणी त्यांनी कॅनमध्ये भरून मुलामावाल्याच्या हवाली केलं आणि कुणी काही म्हणायच्या आत ते कोंडिबांच्या घराकडे निघाले. मागोमाग तारामतीबाई आणि सगळा गाव.

"कोंडिबा, मासे म्या मारले," दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं आप्पा म्हणाले. "आन् गावासंगं म्या बी नाव तुमचंच घेतलं. माझं चुकलं. पोरं हुशार निघाली, म्हणून कळलं."

"हौद आजपासून पुन्हा तुमच्याकडंच," तारामतीबाई म्हणाल्या. "माझी बी चूकच झाली."

कोंडिबा सावकाश भिंतीकडून वळले. त्यांनी नातीला जवळ ओढलं.

"मेलेले मासे समद्यांनी बघितले, आप्पा," ते म्हणाले. "जित्या अळ्या हिनंच बघितल्या."