फाशी लागलेला रानगवा

आम्हाला तो गवा पुरायचा होता. त्यासाठीच भल्या सकाळी आम्ही तिघं मुलचेऱ्याहून जंगलात शिरलो होतो. सोबत फावडं, कुऱ्हाड, चुन्याचं पोतं आणि माझी काचेच्या बाटल्यांची पेटी.

साल १९८६, चैत्र महिना. मी नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीचं वरचं शिक्षण घेत होतो. गावातल्या ढोरांचे रोग रानातल्या जनावरांना कसे लागतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. मुलचेऱ्यात राहून ढोरांचं रक्त हवं तेवढं जमलं होतं, पण रानगव्याचा एक थेंब मिळाला नव्हता! "श्रीहरी, गव्याचं रक्त नसेल तर प्रबंध माझ्या टेबलावर ठेवूच नकोस," असं सरांनी बजावलेलं. मुदत याच उन्हाळ्यात संपत होती. अशात गावातली धुरपताबाई मोहफुलं वेचता वेचता टोपली टाकून पळत आली आणि वनरक्षक सोमाजीभाऊंना म्हणाली, "टेकडीखाली गव्याले फाशी लागली!"

फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स! ढोरांच्या साऱ्या रोगांत मला याचंच भय. फाशीनं मेलेलं जनावर फाडलं की त्याचं विष मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथंच दबा धरून बसतं. कुणी मांस नेलं तर घरातली माणसंही जातात. म्हणून कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि धड न कापता चुन्याखाली खोल गाडायचं, असं ठरवून आम्ही निघालो. त्याच थेंबावर माझा प्रबंधही तरणार होता.

"तुम्ही हात तर लावला नाही ना त्याला?" मी तिला विचारलं.

"मी काऊन लावू हात? मले का जीव जड झाला? दुरूनच पाह्यलं. निपचित पडला होता. मान सुजली होती, नाकातून रक्त येऊन राह्यलं होतं."

लक्षणं तंतोतंत जुळत होती.

"डाक्टरसाहेब," सोमाजीभाऊंनी हळूच विचारलं, "मानसालेही लागते का फाशी?"

"लागते, भाऊ. हाताला जखम असली तर चटकन लागते."

धुरपताबाई फसकन हसली. "मानसाले कोर्टात लागते!"

हसलो आम्हीही, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. सोमाजीभाऊ भजनी मंडळातले टाळकरी. खाकी झोळीत टाळ ठेवल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. मलाही लहानपणापासून कीर्तनाचं वेड. भद्रावतीच्या कॉलनीत बुवा उभे राहिले की मी जेवण विसरून पहिल्या रांगेत बसायचो. म्हणून आमची दोघांची गट्टी. एरवी वाटभर ते गुणगुणत चालायचे. आज मात्र ओठ मिटलेले.

जंगलही तसंच मिटलेलं होतं. वानरांची हुपहूप नाही, रानकोंबड्याची बांग नाही. वाळल्या बांबूंची करकर तेवढी ऐकू येत होती, जसं कुणी जुनं दार हळूहळू उघडावं. पुढं एका वठलेल्या येनाच्या झाडावर गिधाडं दाटीवाटीनं बसली होती. खाली मेलेलं जनावर, आणि ती उतरत का नव्हती? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नाल्याच्या ओल्या वाळूत सोमाजीभाऊ थबकले. वाघाचं पाऊल! त्यात पाणी अजून झिरपत होतं.

"आत्ताच गेला," ते कुजबुजले. "आपल्याच वाटेनं."

टेकडीखाली सागाच्या रोपांत तो दिसला. तरणा, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. कुशीवर पडलेला, पोट फुगलेलं, नाकपुड्यांशी वाळलेलं रक्त. मी रबरी हातमोजे चढवले, दोघांना लांब उभं केलं आणि एकटाच पुढं गेलो. गुडघे टेकून त्याचा कान धरला.

कान गरम होता.

कान हलला!

मी मागं कोलमडलो. त्याचा एक डोळा उघडला. लाल, ओला, माझ्यावर रोखलेला. मानेच्या सुजलेल्या वळीत काहीतरी चमकलं. पोलादी तार! तिचं दुसरं टोक एका जाड सागाच्या बुंध्याला गुंडाळलेलं.

"रोग नाही हा!" मी ओरडलो. "फास आहे! फास लावलाय कुणीतरी!"

"मंग मी काय म्हनलं होतं? फाशी!" धुरपताबाई चिडली. "तुमाले काय वाटलं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. जिवंत रानगवा माझ्यासमोर आडवा पडला होता, त्याचा कान हाताच्या अंतरावर, पेटी शेजारी. असा योग पुन्हा येणार नव्हता! मी सुई काढली, शीर चाचपली आणि टोचली. गव्यानं मान झटकली. तार आणखी आत रुतली. त्याची जीभ बाहेर आली, घशातून करवतीसारखा आवाज निघाला. आणखी एक झटका बसता तर सारं संपलं असतं. आधी तार कापली तर रक्त जाणार, आधी रक्त घेतलं तर गवा.

तेवढ्यात बांबूंच्या मागून खोल, लांबट गुरगुर आली.

गिधाडं का उतरत नव्हती, ते आता कळलं. मेजवानीचा धनी दुसराच होता.

मी सुई फेकली. "भाऊ, पक्कड!"

सायकल दुरुस्तीची पक्कड भाऊंच्या झोळीत होती. ती देताना भाऊंनी टाळही बाहेर काढले. "वाजवू?"

"नको! हा बिथरला तर तारच गळा चिरेल."

"मंग वाघाले काय सांगू? उद्या ये म्हणून?"

"नाम घ्या, भाऊ. हळू आवाजात. माणसं आहेत हे त्याला कळू द्या. पण थांबू नका!"

सोमाजीभाऊंनी बांबूंकडं तोंड केलं. "विठ्ठल... विठ्ठल..." आवाज आधी थरथरला, मग स्थिरावला. बुवा निरूपण संपवून खालच्या सुरात नाम धरतात आणि भरला मंडप गप्प होतो, तसा तो सूर त्या रानात पसरला. धुरपताबाईनं डोक्यावरचं फडकं सोडून गव्याच्या डोळ्यांवर टाकलं. तो थरथरला, पण पडून राहिला.

मी तारेचा एक पदर कापला. दुसरा कापला. बांबू हलले. नाम थांबलं नाही. घामानं पक्कड निसटली, पुन्हा धरली. बांबूंतून पिवळा पट्टा सरकला, जवळ आला. "विठ्ठल... विठ्ठल..." शेवटचा पदर!

"बाई, मागं व्हा! भाऊ, आता टाळ!"

टाळ कडाडले! गव्यानं श्वास ओढला, धडपडून पाय रोवले आणि काळा डोंगर उभा राहिला! त्याच्या खांद्याचा धक्का लागून मी करवंदीच्या जाळीत जाऊन पडलो. पेटी खुराखाली चेपली, चुन्याच्या पोत्याच्या चिंध्या! तो टेकडी चढून गेला. बांबूंमागं एक डरकाळी झाली, वाळली पानं खुसखुसत दूर गेली. मग शांतता. फक्त टाळ वाजत होते. भाऊंना थांबायचं भान नव्हतं.

धुरपताबाईनं त्यांचा हात धरला तेव्हा ते थांबले.

मी पेटी उघडली. काचेच्या किरच्या, दुसरं काही नाही.

"आता नागपुरात काय सांगसान?" सोमाजीभाऊंनी विचारलं.

"सांगेन, फाशी नव्हती."

"होती!" धुरपताबाईनं तार माझ्या पुढ्यात आपटली. "हे काय हाय मंग?"

तारेवर गव्याचे केस चिकटले होते. सोमाजीभाऊंनी ती उचलून गुंडाळली, पण नजर जंगलात होती. "फास लावनारा एकच लावत नाई, साहेब. अजून असतील."

आम्ही फुटकी पेटी तिथंच ठेवली. पक्कड मात्र घेतली आणि टेकडी चढू लागलो. सांडलेला चुना वाटेवर पांढराशुभ्र पसरला होता. गव्याला पुरण्यासाठी आणलेल्या त्या चुन्यात त्याच्या जिवंत खुराचा एक खोल ठसा उमटला होता. सोमाजीभाऊंनी चपला काढल्या आणि त्याला वळसा घालून पुढं गेले.