भर दुपारचा हुंकारा

त्या वर्षी आमच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, भिकूअक्कांच्या घरी घालायच्या ठरल्या. कारण साधं होतं. आमच्या अंगणात नव्या गोठ्याचं काम निघालं होतं, आणि अक्कांचं अंगण मोठं, स्वच्छ सारवलेलं. शिवाय घरात पुरुषमाणूस नाही, त्यामुळे बायकांना पाय पसरून बसता येई. आमचं गाव चोपड्यापासून दोन कोसांवर, आणि अक्कांचं घर गावाच्या अगदी कडेला. त्यांच्या मागच्या भिंतीला लागून केळीची बाग होती, आणि बागेपलीकडे उन्हात पांढुरका पडलेला सातपुडा.

पहिली मोठी लढाई तेव्हा चालू होती. अक्कांचा एकुलता एक मुलगा अभिमन मजुरांच्या पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला होता. सुरुवातीला त्याची पत्रं आली, मास्तरांनी ती वाचून दाखवली. मग पत्रं यायची थांबली. वर्ष उलटून गेलं. अक्का त्याबद्दल कधी बोलत नसत, आणि आम्हीही विचारत नसू.

मी नुकतीच लग्न होऊन आले होते. माहेर धुळ्याचं. वडील कचेरीत कारकून, त्यांना मासिकं वाचायचा नाद. रोज संध्याकाळी ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत. राक्षसांच्या, पऱ्यांच्या, उडत्या घोड्यांच्या गोष्टी, आणि भुतांच्या तर कितीतरी. सासरी वाचायला काही नव्हतं, पण डोक्यात सगळं भरलेलं होतं. आणि गोष्टींबद्दल माझी मतंही मोठी ठाम होती! भुताची गोष्ट रंगात यावी आणि शेवटी लेखकाने सांगावं की तो चादर पांघरलेला चोर होता, याचा मला इतका राग येई की मी वडिलांशी भांडत असे. ते म्हणत, "अगं, उलगडा नको का?" मी म्हणे, "उलगडाच करायचा होता तर घाबरवलं कशाला?"

बिबड्यांचं काम पहाटे सुरू होतं. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून चुलीवर मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि गरम असतानाच ओल्या धोतरांवर पातळ थापायचं. ऊन चढेपर्यंत सगळं अंगण पांढऱ्या गोल चकत्यांनी भरून जातं. पुढे दुपारभर काम एकच, ओसरीत बसून कावळे आणि शेळ्या हाकलायच्या. त्या कंटाळवाण्या वेळात कोणीतरी म्हणालं की धुळ्याची सून गोष्टी छान सांगते.

ओसरीत आम्ही चौघी होतो. भिकूअक्का, माझ्या सासूबाई वच्छलाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, शेजारची माझ्याच वयाची सुमन आणि मी. गोष्ट म्हटली की हुंकारा देणारं माणूस लागतं. ते काम सुमनने घेतलं. भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून ती दर वाक्याला "हं" म्हणू लागली.

मी विहिरीवरच्या बाईची गोष्ट घेतली. वाटसरू, तिन्हीसांजेची वेळ, विहिरीच्या काठावर पांढऱ्या लुगड्यातली बाई. माझ्या परीने मी ती फुलवत होते. बाहेर वारा पडला होता. केळीचं एक पानही हलत नव्हतं. ओसरीत लसणाचा आणि तापलेल्या शेणाचा वास, आणि आत अंधाऱ्या मधल्या खोलीतून जुन्या सरकीचा तेलकट वास येत होता. त्या खोलीत पूर्वी कापूस भरत. आता ती रिकामीच असे.

"तिला फार तहान लागली होती," मी म्हणाले.

"हं."

"पण विहिरीतून पाणी काढायला तिचा हात उचलत नव्हता."

"हं."

मी सहज सुमनकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं पडलं होतं आणि ती चक्क घोरत होती. मला वाटलं, आत्याबाईंनी हुंकारा दिला असेल. मी पुढे सांगत गेले. गोष्ट संपल्यावर सुमनला हलवून म्हणाले, "झोपेतसुद्धा हुंकारा देतेस की गं!"

"माय व! मी तं जपी गयथू," ती डोळे चोळत म्हणाली. "मी कोठे हुंकारा दिधा?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "मी बी नही दिधा."

भिकूअक्का उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. त्यांची पाठ त्या मधल्या खोलीच्या दाराकडे होती.

आम्ही आत जाऊन पाहिलं. कोपऱ्यात कापसाचे चार बोळे आणि कोळ्याची जाळी, बाकी काही नाही. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे केळीची बाग. कोणी गडी बागेत बसून चेष्टा करत असेल म्हणून सुमन मागे जाऊन बघून आली. कोणी नव्हतं.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. भर दुपारचं लख्ख ऊन, अंगणात बिबड्या वाळतायत, अशा वेळी कसली भीती? मला उत्सुकता होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच तीच गोष्ट पुन्हा सांगायला घेतली आणि सुमनला गप्प बसायला सांगितलं.

"तिची पावलं उलटी होती," मी म्हणाले. काहीच नाही. आवाज आला तो फक्त उन्हात तडतडणाऱ्या बिबड्यांचा.

"तिचे केस गुडघ्यापर्यंत मोकळे, डोळे निखाऱ्यासारखे." काही नाही.

"तिला तहान लागली होती."

"हं." आतून. हळू, जरा उशिराने, एखादं माणूस दुसऱ्या कामात असताना देतं तसा.

सुमन उठून उभी राहिली. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. मी मात्र पुढेच निघाले. "तिला घरी जायचं होतं."

"हं."

"पण तिला कोणी हाक मारत नव्हतं."

"हं..."

सुमन त्या दिवशी गेली ती परत आली नाही. मी मात्र रोज नवी गोष्ट घेऊन बसायला लागले. उडता घोडा सांगितला, तर खोली गप्प. सोन्याचा महाल, गप्प. हाडांचे पैंजण घातलेली हडळ, जिच्यावर माझे वडील फार खूश असत, तीही गप्प. पण राजपुत्र जंगलात एकटा पडला आणि त्याला घराच्या चुलीचा वास आठवला, तिथे "हं". गोष्टीतलं काय खरं आणि काय उगाच लावलेलं, हे मला त्या खोलीने शिकवलं असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण मी एकेक दागिना काढत गेले. पांढरं लुगडं गेलं, अमावास्या गेली, पिंपळ गेला. उरलं ते अगदी साधं: तहान, घर आणि कोणाची तरी हाक.

आत्याबाईंना हे पसंत नव्हतं. त्यांना राजाराणीच्या, गोड शेवटाच्या गोष्टी आवडत. पण त्या मला थांबवतही नव्हत्या. म्हणाल्या, "सुरू करी टाकं ना, आते अर्धी गोट सोडानी नही."

शेवटच्या दिवसापर्यंत भिकूअक्का या सगळ्यात एकदाच बोलल्या. वाळलेल्या बिबड्या धोतरावरून सोडवता सोडवता म्हणाल्या, "बठ्ठा भूतन्या गोटी सांगतस. पन त्याले काय पायजे, ते कोनी सांगत नही."

शेवटच्या दिवशी काम लवकर आटोपलं. बिबड्या टोपल्यांत भरून झाल्या होत्या. मी पदराने तोंड पुसत उठणार, तोच अक्का समोर येऊन बसल्या.

"कुंदा, माले एक गोट सांग."

"कुठली, अक्का?"

"एक माय व्हती. तिले एकच पोर्‍या." "पुढलं तू सांग."

मला कळलं. आत्याबाईंनाही कळलं, त्यांनी माझ्या मांडीला चिमटा घेतला, उठ म्हणून. पण अक्का माझ्याकडे अशा बघत होत्या की मला उठवेना. इतके दिवस त्या गप्प बसून काय ऐकत होत्या, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"एक आई होती," मी सुरुवात केली.

"हं."

"तिला एकच मुलगा होता."

"हं."

"तो आगबोटीत बसून लढाईवर गेला."

"हं."

"तिथे नुसती वाळू. सावली नाही. आणि तिथे..." काय सांगावं मला सुचेना. "तिथे त्याला ताप आला."

"हं."

अक्कांचे हात मांडीवर घट्ट आवळले गेले. मी घाईघाईने म्हणाले, "मग तो बरा झाला."

काही नाही. बागेत एक कावळा ओरडला आणि थांबला.

"परत सांग," अक्का म्हणाल्या.

"तो बरा झाला."

काही नाही. मी आत दाराकडे बघायचं टाळत होते. अक्का मात्र आता वळून तिकडेच बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मरी गया म्हन."

"अक्का, नको..."

"म्हन, कुंदा."

मी म्हटलं. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही तिघी वाट बघत राहिलो. खोली गप्प. तो मेला, यालाही हुंकारा नाही! मला इतकं हायसं वाटलं की मी भराभर बोलत सुटले. तो वाट चुकला. त्याला शत्रूने धरून नेलं. तो दुसऱ्या मुलखात राहिला. कशालाच उत्तर नाही.

मग अक्का स्वतःच बोलल्या. अगदी खालच्या आवाजात, जसं झोपलेल्या माणसाजवळ बोलतात.

"तो घर उना." तो घरी आला.

"हं."

या वेळी तो आवाज खोलीच्या मागच्या भिंतीकडून आला नाही. उंबऱ्याच्या अगदी आतून आला.

अक्का उठल्या. त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला. "अभिमन?"

"हं."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही टोपल्या उचलून घरी आलो. घरी आल्यावर आत्याबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "कोनले सांगू नको."

त्यानंतर अक्का कोणाला घरात घेईनात. पाणी भरायला येत, शेतावर जात, माणसांत नीट वागत. चेहऱ्यावर उलट तजेला आला होता. पण दुपार झाली की दार बंद. जाणारे-येणारे सांगत, आत म्हातारी कोणाला तरी गोष्टी सांगते.

लढाई संपली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी आमच्या दारावरून एक माणूस गेला. हाडांचा सापळा, डोक्यावर खाकी टोपी, खांद्याला पिशवी. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याने आत्याबाईंना रामराम केला आणि त्यांच्या तोंडून नाव निघालं. अभिमन! मी हातातलं पीठ तसंच ठेवून त्याच्यामागे धावले, आत्याबाई माझ्यामागे. चालता चालता तो सांगत होता. ताप आला होता, महिनोन्महिने दवाखान्यात पडून होता, मेल्यातच जमा होता, मग बरा झाला.

त्याने दाराची कडी वाजवली. "माय! दार उघाड. मी उनू."

आत अक्कांच्या बोलण्याचा आवाज येत होता, तो थांबला. "कोन?"

"अभिमन. तुना अभिमन."

मग आतून अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं: "अभिमन तं घरमा शे."

तो माझ्याकडे बघायला लागला. "वहिनी, माय कोनसंगे बोली ऱ्हायनी?"

आत्याबाई पुढे झाल्या आणि दारावर हात आपटून ओरडल्या, "भिकू, दार उघाड! तुना पोर्‍या दारमा उभा शे!" शेवटी कडी निघाली. अक्कांनी बाहेर येऊन त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, कान, हनुवटीवरची लहानपणची खूण. मग त्या त्याच्या गळ्यात पडून रडल्या. सगळा गाव जमला. गूळ वाटला गेला.

पण रडण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्यांनी मागे वळून मधल्या खोलीकडे पाहिलं होतं. चूक झाल्यावर माणूस ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे पाहतं, तसं.

मी यावर खूप विचार केला आहे. तो बरा झाला म्हटल्यावर ते गप्प का राहिलं? आणि तो मेला म्हटल्यावरही गप्प का? त्याला अभिमन जिवंत नको होता, की मेलेलाही नको होता? भुताला काय पाहिजे, या अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं मिळालं होतं. त्याला काय पाहिजे होतं ते त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. आम्हीच त्याला नाव दिलं.

अभिमनचं लग्न झालं, मुलं झाली. अक्का पुढे पुष्कळ वर्षं जगल्या आणि शांतपणे गेल्या. ती खोली अभिमनने पाडली आणि तिथे अंगण केलं. माणूस कष्टाळू, हसतमुख. पण एक खोड त्याला लागली होती. हाक मारली तर तो लगेच ओ देत नसे. मान जराशी वळवून थांबे, आपल्याआधी दुसरं कोणी हुंकारा देतं का याचा कानोसा घेई, आणि मग म्हणे, "काय व?" घरी असताना तो तसं करी, त्याचं मला नवल नव्हतं.

अक्का गेल्यानंतरच्या वर्षी चोपड्याच्या बाजारात मला तो दिसला. मिरच्यांच्या ढिगापाशी पाठमोरा उभा होता. मी हाक मारली, "अभिमन!" एवढी गर्दी, एवढा कलकलाट, आणि तो तसाच थांबला. मान वळवून, श्वास रोखून. मला राहवलं नाही. जवळ जाऊन हळूच विचारलं, "इथे कशाला ऐकतोस रे? ते तर त्या घरात होतं."

त्याने मिरच्या पिशवीत भरल्या. तोंड बांधलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय गयी, मंग ते घरमा नही ऱ्हायनं, वहिनी."