निळ्या दोऱ्यातली वायर

"भिंगरे, जीभ चालते तसा जरा हातही चालव," असं म्हणून मामा चहाचा कप घेऊन गॅलरीत सटकला.

भिंगरीला तेच हवं होतं. मामाच्या दुरुस्तीच्या खोलीत पहिल्यांदाच एक अख्खं काम तिचं एकटीचं होतं. पोटातच फ्लॉपी ड्राइव्ह असलेला एक जुनाट घरगुती कॉम्प्युटर. समोर स्टुलावर त्याच्या मालकीण, शिवणवाल्या काकू, पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. पर्समध्ये एकच फ्लॉपी, आणि तिच्यात त्यांच्या मुलानं शाळेत असताना काढलेलं घराचं चित्र. मुलगा त्याच वर्षी गेला. त्याच्या हातचं एवढंच काय ते उरलं होतं.

"घाल की आता आत," काकू म्हणाल्या.

"अंहं! याला फ्लॉपी बदललेली कळतच नाही, काकू. दुसरी घातली तरी पहिलीवरच्या फायलींचीच यादी धरून बसतो. चुकून तीच तुमच्या फ्लॉपीवर लिहिली, तर चित्राचे वाजलेच बारा."

तिनं झाकण उघडलं. ड्राइव्हकडे जाणाऱ्या वायरींपैकी एक, फ्लॉपी बदलल्याची खबर देणारी, कापलेली होती. दोन्ही टोकांना निळा दोरा घट्ट गुंडाळून, वर गाठ मारलेली.

"कुणाचा हा पोरखेळ!" तिनं दोरा ओरबाडून टेबलावर टाकला आणि टोकं जुळवून सोल्डरचा डाग दिला. कॉम्प्युटर चालू केला.

टक.

टक.

"वाजला!" भिंगरी खुशीत आली. "मामा म्हणतो, ड्राइव्ह रिकामा असला की दार ठोठावत बसतो, 'आहे का कुणी, आहे का कुणी.' आत काही आलं की गप्प."

काकू हसल्या नाहीत.

तिनं फ्लॉपी सरकवली. ती आत बसताच शेजारचं छोटं बटण खट्कन बाहेर आलं. टकटक थांबली. पडद्यावर विटकरी घर उमटलं. बंद दार, वरच्या खिडकीत एक चिमुकला चेहरा.

काकूंनी काचेवर बोट ठेवलं. "हा तोच. म्हणायचा, आई, मी इथनं दारावर लक्ष ठेवतो."

भिंगरीची छाती फुगली. पक्की खात्री करावी म्हणून तिनं बटण दाबून फ्लॉपी बाहेर काढली. टकटक सुरू. काम फत्ते!

काकूंची नजर मात्र टेबलावर गेली होती. त्यांनी दोरा उचलून चिमटीत फिरवला.

"हा माझ्या रिळाचा आहे."

"काय?"

"फार भ्यायचा गं त्या टकटकीला. म्हणायचा, ते दार उघडायला सांगतंय. मग एक दिवस आवाज बंद झाला. मला वाटलं, बिघडलं असेल."

तिनं फ्लॉपी पुन्हा घातली.

तेच घर. खिडकी रिकामी.

दार बोटभर उघडं.

"चित्र... हलायचं का हो हे?"

"नाही."

तिनं फ्लॉपी उपसून काकूंच्या हातात कोंबली. काकूंनी ती पर्समध्ये टाकून चेन ओढली.

टक. टक. टक.

तिनं प्लग खेचला. पडदा विझला.

टक. टक. टक.

तिनं कटर उचलला, स्वतःच जोडलेली वायर पात्यांत धरली.

टकटक थांबली.

पाती अजून मिटली नव्हती.

"कापलीस ना?" काकूंनी आशेनं विचारलं. "झालं ना बंद?"

भिंगरी ड्राइव्हच्या फटीकडे बघत होती. फट रिकामी होती. आणि शेजारचं ते छोटं बटण हळूहळू बाहेर येत होतं.