बॅटरीवरचा दिवा

इंदिरानगरमध्ये लाइट गेले की आमच्या गच्चीवर दोन गोष्टी हमखास होतात. सगळे एकमेकांना आपापल्या मोबाइलचं चार्जिंग किती उरलंय ते सांगतात, आणि बहिरूमामा भुताची गोष्ट सांगायला खुर्ची टाकून बसतात. परवा खालच्या मजल्यावरच्या रुद्रने घरातलं पॉवर स्टेशन वर आणलं. तेच हो, हँडलवालं बॅटरीचं खोकं, ज्यावर पंखा, टीव्ही, मिक्सर, काय वाटेल ते चालतं. त्याला एक छोटा दिवा जोडून त्याने तो मधोमध ठेवला.

मामा म्हणाले, "तो बंद कर."

"का मामा? अंधारात भूत नीट दिसतं म्हणून?"

"लय शहाणा झालास. बंद कर आधी. माझा भाचा शेखर, तो हीच खोकी भाड्याने द्यायचा. आता देत नाही. का देत नाही ते ऐक. उगाच कुठून कानावर आलेलं नाही हे, त्याने माझ्यासमोर बसून सांगितलंय. पुढ्यातला चहा पार गार झाला, तरी कपाला हात नाही लावला त्याने."

रुद्रने दिवा बंद केला. मग मामांनी सांगितलं ते असं.

शेखर म्हणजे डोक्यात चोवीस तास धंदा. वैतरणेच्या काठी तंबू ठोकणारी पोरं, शेतावरचे वाढदिवस, गावाकडचे हळदीचे डीजे, सगळ्यांना त्याची खोकी लागायची. दोन गल्ल्या सोडून समर्थ राहायचा, सातपूरला कंपनीत नोकरीला. त्याचे वडील, नाथाआबा, हरसूलच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एकटेच राहायचे. गेल्या कार्तिकात ते गेले.

आता माणूस गेला की जिथे गेला तिथे दिवा लावतात, हे तुम्हाला माहितीच आहे. तेरा दिवस विझू द्यायचा नाही. पण नेमकी गावातली डीपी जळाली, घरात मिट्ट काळोख, वरून डोंगरातला वारा. दिवा लावला की विझे, लावला की विझे. समर्थने वैतागून शेखरला फोन केला.

"दादा, खोकं घेऊन जा आणि त्यावर एलईडीचा दिवा लावा," शेखर म्हणाला. "वारा लागत नाही, तेल नको, वात नको. कोणी जागत बसायची पण गरज नाही. निवांत झोपा."

हे शेवटचं वाक्य तो सगळ्यांनाच म्हणायचा. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण समर्थच्या घरच्यांनी ते मनावर घेतलं. दहावा उरकला, दार ओढून घेतलं आणि सगळे नाशिकला निघून आले. दिवा चालू. घर रिकामं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. कार्तिकातली अमावास्या. समर्थने दुपारी फोन केला, "तुझं मशीन घेऊन जा रे. पुढचे दोन दिवस शेजारच्या आक्काबाई तेलाचा दिवा लावतील." शेखरला गुरुवारी सकाळी कॅम्पिंगवाल्यांना तेच खोकं द्यायचं होतं. तो संध्याकाळी गाडी काढून निघाला. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या गाड्यांनी अडकवलं, वाघेऱ्याच्या घाटात एक पिकअप बंद पडलेली. पोचेपर्यंत साडेआठ झाले.

घर रस्त्यापासून जरा आत. दार लोटलेलं. फटीतून पिवळा उजेड.

आत दिव्यापाशी एक म्हातारी घोंगडीवर बसली होती. डोक्यावर पदर, भिंतीला पाठ. शेखरला बघून तिने जे हुश्श केलं ना, तसं हुश्श त्याने कधी कोणाचं ऐकलं नव्हतं.

"आलास बाबा? समर्थानं धाडलं ना तुला?"

"हो आजी. हे मशीन न्यायचंय फक्त."

"न्ये की. पन तेलाचा दिवा लागल्याबिगर ह्यो काढायचा नाय. मी घरून तेल-वात आनते. तवर तू बस हितं."

"मी बाहेर गाडीत थांबतो ना..."

"बाहेर नाय. दिव्यापाशी मानूस लागतं. पाच मिनटं बस. सांजच्याला नुसतं डोकवायला आले होते मी, तवापासनं बसलेय."

मयताच्या घरात म्हातारी बाई बस म्हणते, तिला नाही कसं म्हणणार? तुम्ही म्हणाल का? शेखर बसला. तो टेकला मात्र, तशी आक्काबाई उठली आणि गुडघे दुखत असतील-नसतील, पण पोरीच्या चपळाईने दाराबाहेर पडली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. शेखरने मोबाइल काढला, नेटवर्कची एक दांडी येत होती, जात होती. समोर खोक्याचा स्क्रीन. एकोणचाळीस टक्के. दिवा ओढत होता तीन वॅट. त्या हिशेबाने अजून दोन दिवस तरी बघायला नको.

अर्धा तास गेला. म्हातारी विसरली की काय, म्हणून तो हाक मारायला उठला.

"चाललास व्हय?"

मागून. अगदी साधा आवाज. झोपेतून जागं झालेल्या माणसाचा असतो तसा, थोडा घोगरा.

शेखर वळला. भिंत. घोंगडी. दिवा.

मागच्या खोलीत कोणीतरी असेल, म्हणून त्याने मोबाइलचा टॉर्च मारला. मागे खोलीच नव्हती. भिंतच होती.

तो खाली बसला. सगळं शांत झालं. बाहेर रातकिडे, आत काहीच नाही. सहज त्याची नजर स्क्रीनवर गेली. चोवीस टक्के.

एकोणचाळीस होते ना? त्याने डोळे चोळले. चोवीसच. तीन वॅटवर पंधरा टक्के उडायला अख्खी रात्र पुरली नसती.

आता तो हळूच उठला. आधी गुडघ्यावर, मग एक पाय पुढे. नजर स्क्रीनवरच. तीन वॅट. सत्तर वॅट. दोनशे दहा... दिवा तेवढाच होता, तसाच मिणमिणता. मग बाकीचं कोण ओढत होतं?

"चाललास?"

या वेळी कानाजवळ.

तो बसला. दोनशे दहाचे पुन्हा तीन झाले. टक्के सतरा.

म्हणजे बघा. उठलं की बॅटरी उतरणार. बसलं की टिकणार. दार सहा-सात पावलांवर, उघडं. बाहेर त्याची गाडी दिसत होती. आणि त्याला उठता येत नव्हतं. दिवा विझला तर या खोलीत आपण आणि... आणि पुढचा विचार तो करायचा नाही. दोन्ही हातांनी घोंगडी घट्ट धरून बसला नुसता.

फोनला दांडी आली. त्याने समर्थला लावला.

"हां शेखर. निघालास का?"

शेखरने फोन कानाशी घट्ट दाबला. "दादा, असं नका विचारू. दादा, आबांना... आबांची काही सवय होती का?"

"कसली सवय?"

"कोणी उठलं की विचारायची."

मग समर्थ हळू आवाजात म्हणाला, "आई गेल्यापासून त्यांना एकटं झोपवत नव्हतं रे. आक्काबाईचा नातू जायचा सोबतीला. मी महिन्याकाठी जायचो, संध्याकाळी निघालो की विचारायचे, चाललास व्हय? मी म्हणायचो, पुढच्या रविवारी येतो. नाशिकला आणायचं चाललं होतं आमचं. जरा मोठा फ्लॅट बघून..." तो थांबला. "शेखर."

"हां दादा."

"तुझ्याबरोबर कोण आहे तिथे?"

"कोणी नाही."

"मग मागे... मागे कोण बोलतंय?"

शेखरला काहीच ऐकू येत नव्हतं. रातकिडेसुद्धा नाही.

"दादा, काय बोलतायत ते?"

फोन कट झाला.

सोळा टक्के. रात्र केवढी पडलेली. आक्काबाई येणार नाही, हे एव्हाना त्याला कळून चुकलं होतं. ती आज संध्याकाळी अडकली होती, तो आला म्हणून सुटली. आता दुसरं कोण येणार? कॅम्पिंगवाले?

आणि तेव्हा त्याला सुचलं. तेलाचा दिवा जागचा हलवता येत नाही. हे खोकं तर उचलून न्यायलाच बनवलंय.

त्याने दिवा खोक्यावर नीट ठेवला. हँडल धरलं. डोळे मिटले. उठला.

काही नाही.

डोळे उघडले. तीन वॅट. एक पाऊल टाकलं. तीन वॅट. कोणी काही विचारलं नाही. उंबरा ओलांडला. अंगण. थंड वारा. गाडी! त्याला रडूच फुटलं, खरंच. पुढच्या सीटवर खोकं ठेवून त्याने गाडी चालू केली तर बेल्टचा अलार्म पिंग-पिंग करायला लागला. खोक्याचं वजन, दुसरं काय. त्याने डावीकडचा बेल्ट ओढून खोक्याभोवती लावला आणि गाडी दामटली.

वळणावर आक्काबाईचं घर. ती ओट्यावर उभी होती. हेडलाइट तिच्या अंगावर पडला तसे तिने हात जोडले. शेखरला वाटलं, माफी मागतेय. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. डाव्या सीटकडे बघत होती.

तिथे त्याला समजलं, आपण काय केलंय ते. दिवा जिथे, ते तिथे.

घाट आला. सगळ्या काचा बंद. त्याच्यासमोरची काच स्वच्छ. डावीकडची आतून धुरकट व्हायला लागली. जरा विरायची... परत धुरकट. विरायची... परत. कोणीतरी संथ श्वास घेत असल्यासारखी.

त्याने रेडिओ लावला नाही. थांबला नाही. डावीकडे बघितलं नाही.

गिरणारे मागे पडलं. नऊ टक्के. स्क्रीनवर तीनच वॅट, तरी टक्के भराभर उतरत होते. वाटेत एकदाच आवाज आला.

"आलं का घर?"

शेखरने मला सांगितलं, मामा म्हणाले, की त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. लहान मूल गाडीत विचारतं ना, तसं विचारलं. आणि विचारलं ते शेखरला. आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर शेखरच्या घरी आई झोपलेली. नाही म्हणावं तर...

"येतंय आबा," तो म्हणाला. "समर्थचं घर येतंय."

इंदिरानगरात शिरला तेव्हा तीन टक्के. समर्थचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट खाली उभीच होती, पण त्या डब्यात दार बंद करून... नाही जमलं त्याला. जिन्याने गेला. एका हातात बारा किलोचं खोकं, दुसऱ्या हाताने दिवा धरलेला. प्रत्येक मजल्यावर वाटायचं, मागून कोणीतरी सावकाश येतंय. गुडघे दुखणारं.

समर्थचं दार सताड उघडं होतं. बेल वाजवायची वेळच आली नाही. आत दिवे बंद, आणि समर्थ दारातच फरशीवर मांडी घालून बसलेला. शेजारची जागा झाडून, चादर अंथरून ठेवलेली.

शेखरने खोकं चादरीवर ठेवलं. एक टक्का.

स्क्रीन विझला. दिवा विझला.

शेखर जिन्याकडे पळाला. पहिल्या वळणावर पोचला तेव्हा वरून समर्थचा आवाज आला. कोणाला तरी उत्तर देत होता.

"नाही आबा. कुठे नाही चाललो. इथेच बसलोय."

दुसऱ्या दिवशी शेखर काही कॅम्पिंगवाल्यांकडे गेला नाही. दुपारी मात्र खोकं आणायला गेला, भर उन्हात. दार समर्थच्या बायकोने, योगिनीने उघडलं. समर्थ तिथेच चादरीवर झोपलेला, तोंडावर हात घेऊन.

तिने खोकं दिलं. शेखर वळला तशी म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? रात्री तुमच्याबरोबर वर कोण आलं होतं?"

"का वहिनी?"

तिने दाराच्या बाहेर बोट दाखवलं. भिंतीला लागून चपलांचा एक जोड होता. जाड तळाच्या, टाचेकडे झिजलेल्या, एक अंगठा तारेने बांधलेला. तळाला हरसूलकडची लाल माती, अजून ओलसर.

"आबांच्या आहेत," योगिनी म्हणाली. "दहाव्याला नदीवर सोडल्या होत्या. मी स्वतः सोडल्या."

शेखर म्हणाला, "दादांना दाखवल्या?"

"दाखवल्या ना सकाळी."

"मग? काय म्हणाले?"

योगिनीने पदराला हात पुसले.

"म्हणाले, आत घेऊन ठेव. बाहेरून कुत्रं नेतं."